काळ्या गोफांचे चिलखत

ऑक्टोबरच्या अखेरीस ते चिलखत प्रितम गजभियेच्या टेबलावर आले, आणि तेव्हापासून त्या खोलीत येणारे लोक नकळत आवाज खाली आणून बोलू लागले. टेबलावर कुणी आजारी माणूस निजला असावा, तसे. चिलखत उताणे ठेवलेले होते. छातीचा भाग, कमरेखालचे झुलते पट्टे, खांद्यांवरच्या दोन रुंद ढाली. आणि शेजारी, एका पांढऱ्या उशीवर, आत चेहरा नसलेले शिरस्त्राण. जपानातल्या कुणा सरदारासाठी ते घडवले गेले त्याला दोन शतके उलटून गेली होती. तो काळ तिथे शांततेचा होता, तेव्हा त्याने ते अंगावर चढवून कधी लढाई केली असेल असे वाटत नव्हते. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या एका गिरणीमालकाने ते हौसेने आणले, आणि तो गेल्यावर त्याच्या नावाने उघडलेल्या लहानशा संग्रहालयात ते काचेमागे उभे राहिले. उभे राहूनच ते थकले होते.

प्रितम नागपूरचा. रसायनशास्त्र शिकून, मग जुन्या वस्तूंच्या जतनाचे शिक्षण घेऊन तो इथे आला होता. दिवसभर कुणाशी न बोलता काम करता येते, हे या कामाचे त्याला पहिल्यापासून आवडलेले अंग होते. वस्तू प्रश्न विचारत नाहीत. त्या वाट पाहतात.

या वस्तूचे दुखणे त्याला पहिल्याच आठवड्यात कळले. जपानी चिलखत म्हणजे अखंड पत्रा नव्हे. कच्च्या कातड्याच्या बोटभर चकत्या, त्यांवर काळ्या रोगणाचे थर, अशा चकत्यांच्या ओळी, आणि प्रत्येक ओळ खालच्या ओळीला रेशमी गोफांनी बांधलेली. सारा भार रेशमावर. या चिलखताचे गोफ काळे होते. आपल्याकडे पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, जवळजवळ तसाच तो काळा रंग, लोखंडाच्या क्षारातून आलेला. ते लोखंड एकदा धाग्यात शिरले की स्वस्थ बसत नाही. वर्षानुवर्षे, उजेडाच्या आणि हवेच्या मदतीने, ते धाग्याला आतून खात राहते. रंग काढावा तर धागाच निघून येतो. प्रितमला ती सारी रासायनिक क्रिया कागदावर मांडता येत होती. ती थांबवता मात्र कुणालाच येत नव्हती. फार तर ढासळणाऱ्या धाग्याला बाहेरून थोडा आधार देता आला असता.

जतन विभागाची प्रमुख रूथ, उंच, पांढऱ्या आखूड केसांची बाई, गळ्यात चष्मा अडकवून टेबलाभोवती एक फेरी मारून थांबली.

"एप्रिलमध्ये नवं दालन उघडतंय," ती म्हणाली. "दारातून आत आलं की समोर हेच उभं हवंय संचालकांना. आडवं ठेवू या म्हटलं, तर म्हणाले, आडवं चिलखत म्हणजे धुण्याची घडी."

"उभं केलं तर गोफ तुटतील."

"म्हणूनच सांगतेय. फेब्रुवारी संपेपर्यंत मला दाखव, की हे रेशीम खालच्या ओळींचं वजन पेलू शकतं. नाही जमलं तर सगळं जुनं रेशीम कापायचं आणि नवं ओवायचं. ठरलंय ते."

"जमेल," प्रितम म्हणाला.

रूथने चष्मा डोळ्यांवर चढवून त्याच्याकडे पाहिले. हा मुलगा सहसा इतके ठाम काही बोलत नसे.

तो बोलला, त्यामागे एक कारण होते, आणि ते त्याने कुणाला सांगितले नव्हते. शिरस्त्राणाच्या आत, कपाळाच्या बाजूला, ते घडवणाऱ्या लोहाराचे नाव कोरलेले होते. कातडे कुणी कमावले, चकत्या कुणी कापल्या, गोफ कुणी ओवले, याची नोंद कुठेच नव्हती. कातड्याचे काम करणाऱ्यांच्या तिथे वेगळ्या वस्त्या असत, आणि त्या माणसांना इतरांच्या उंबऱ्याच्या आत घेत नसत, हे त्याने संग्रहालयाच्या ग्रंथालयात वाचले. वाचून पुस्तक मिटले आणि तो बराच वेळ खिडकीबाहेर, गिरणीच्या जुन्या धुराड्याकडे पाहत राहिला. मग टेबलाशी परत येऊन त्याने भिंगाखाली पाठीचे गोफ पाहायला घेतले, आणि तिथे त्याला एक माणूस भेटला.

पाठीच्या गाठी उलट्या वळणाच्या होत्या. ओवणारा डावखुरा असावा. एका ठिकाणी त्याचे एक छिद्र चुकले होते. पुढे गेल्यावर ते ध्यानात आले असणार, पण त्याने उसवले नव्हते. पुढच्या दोन छिद्रांत गोफ किंचित तिरका ओढून त्याने ती चूक जिरवून टाकली होती. घाई असेल, किंवा वरच्या माणसाची नजर चुकवली असेल. छातीवरची कामगिरी मात्र निर्दोष होती. तिथे ताण असा सारखा होता, की बोटांत श्वास धरून ओवले असावे. त्या माणसाचे नाव, गाव, काही उरले नव्हते. त्याच्या हाताचा तो ताण तेवढा रेशमात उरला होता. रेशीम कापले की तोही जाणार होता. प्रितमला वाचवायचा होता तो ताण.

तो जवळच्या श्रूजबरी गावात पंडित रामटेके यांच्या घरी, तळघरातल्या खोलीत राहत असे. पंडितकाका नागपूरचेच, इथे वीस-बावीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये. सुजाताकाकू एका लॅबमध्ये नोकरीला. महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्या दिवाणखान्यात आसपासची चार कुटुंबे वंदनेला जमत. त्रिशरण, पंचशील होई, मेणबत्त्या विझत, आणि मग स्वयंपाकघरातल्या मधल्या ओट्याभोवती ताटे भरली जात. जानेवारीतल्या अशाच एका रविवारी काकांनी त्याला गाठले.

"काय म्हणते मग तुझा जपानी पेशंट?"

"आहे तसाच, काका."

"आयसीयूत?"

"हो."

"नातेवाइकांना बोलवून घ्या म्हणावं."

"जेवू द्या हो त्याला आधी," काकू वाढता वाढता म्हणाल्या. "किती वाळलाय. मग छळा."

"छळत कुठं आहे, इंटरेस्ट घेऊन राहिलोय. बघ नं, आत्ता वंदनेत काय म्हटलं आपण? सगळं अनित्य. आणि हा गडी सोमवारी उठून जाते आणि अनित्याला गोंद लावते."

सगळे हसले. प्रितमही हसला. हसण्यात त्याला आडोसा मिळे.

काका जवळ सरकले. आवाज बदलला. "एक विचारू? राग नको मानू. ते चामड्याचं आहे ना?"

"कच्चं कातडं. बैलाचं असावं."

"माझ्या आज्यानं ढोरं ओढायचं काम सोडलं, तर गावानं विहीर बंद केली होती. तरी सोडलं. कातड्याला हात लावणार नाही म्हणून सगळ्या वस्तीनं ठरवलं होतं. आणि आमचा हुशार पोरगा अमेरिकेत येऊन दिवसभर तेच हातात धरून बसते."

"मी ग्लोव्ह्ज घालतो, काका."

काकूंना हसू आवरले नाही. काकांची तेरा वर्षांची मुलगी मैत्री फोनमधून डोके वर न काढता म्हणाली, "डॅड, दॅट्स लिटरली हिज जॉब."

तेव्हा प्रितमने, ताटाकडे पाहत, तुटक तुटक सांगितले. त्या वेगळ्या वस्त्यांबद्दल. डावखुऱ्या गाठींबद्दल. काकांनी चमचा खाली ठेवून ऐकले.

"म्हणजे आपल्यासारखेच."

"बरंचसं."

"मग पाटीवर त्यांची नावं लावणार का तुम्ही?"

"नावं माहीत नाहीत."

"नसतातच," काका म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

त्या महिन्यात बर्फ पडून पडून कडक झाला. क्विन्सिगमंड तळे पूर्ण गोठले. बसमधून जाताना प्रितमला त्यावर छिद्रे पाडून मासे धरणारे लोक दिसत, स्टुलांवर बसलेले, स्वतःच्या छिद्रात पाहणारे. त्याचे कामही तसेच चालले होते. जपानी समुद्रशेवाळ शिजवून त्याचा पातळ, पारदर्शक चीक काढायचा, त्यात थोडे अल्कोहोल मिसळायचे, आणि बारीक कुंचल्याच्या टोकाने तो धाग्याला पाजायचा. चीक सुकला की तुटक तंतू एकमेकांना धरून राहतात. द्रावण फार पातळ झाले तर धागा सुटतो, फार दाट झाले तर काडीसारखा ताठतो. नेमके प्रमाण सापडेपर्यंत आठवडे गेले.

जतनाच्या व्यवसायात एक रीत असते. कोणताही उपाय आधी अशा जागी करून पाहायचा, जिथे काही बिघडले तरी नजरेस येणार नाही. प्रितमने डाव्या खांद्याच्या ढालीखालचे काही गोफ निवडले. ढाल नेहमी त्यांच्यावर लोंबत असे. तिथे त्याने चीक पाजला, वाळू दिला, मग त्या गोफांना छोटी वजने अडकवून तो लांब खुर्चीवर बसला. गोफांनी वजन धरले. दुसऱ्या दिवशीही धरले. आठवड्याने त्याने वजन वाढवले, तरी धरले.

रूथने भिंगातून पाहिले आणि मान हलवली. "छान. फारच छान झालंय. समोरच्या बाजूला करून पाहिलंस का कुठे?"

"अजून नाही."

"एखादा धागा छातीवरचाही पाहा."

"तिथला दुखावला तर दिसेल."

"तरी पाहा," ती म्हणाली, आणि तिला फोन आला म्हणून बाहेर गेली.

त्याने पाहिले नाही. म्हणजे तो कुंचला घेऊन छातीशी बसला. त्या सारख्या ताणाच्या ओळीतला एकच धागा निवडून त्याच्यावर प्रयोग करायचा, हे त्याला जमेना. आजाऱ्याला झोपेतून उठवून, अजून दुखते का, असे विचारण्यासारखे ते त्याला वाटले. ढालीखालचे रेशीम आणि हे रेशीम एकाच वेळी रंगवलेले, एकाच हाताने ओवलेले. जे तिथे धरले ते इथेही धरेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. त्या संध्याकाळी तो बसथांब्यावर न थांबता पुढे चालत गेला. थंडी नाकात झोंबत होती, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच त्याला कुणाला तरी फोन करावासा वाटला. कुणाला, ते सुचले नाही.

छातीची वरची ओळ त्याने पुढच्या सोमवारी घेतली. चीक एकसारखा शिरला नाही तर कडेला डाग पडतात, म्हणून अख्खी ओळ एका बैठकीत ओलावणे भाग होते. सगळे नीट झाले. काळे रेशीम ओले होऊन असे चमकले, की क्षणभर ते नवे असतानाचे रूप त्याला दिसले. ओळीखाली त्याने चिकटू नये म्हणून मेणकागदाची पट्टी सरकवून ठेवली.

सकाळी ओळ वाळली होती. त्याने कागद काढण्यासाठी चकत्यांची कड केसभर उचलली.

आवाज अगदी लहान झाला, कोरड्या पानावर बोट टेकावे तेवढा. एक गोफ छिद्राच्या कडेवर तुटला. मग त्याचा भार शेजाऱ्यावर गेला आणि तो तुटला. प्रितमचा हात जागच्या जागी गोठला होता, तो खाली घ्यावा की वर धरून ठेवावा हे त्याला ठरवता येईना, आणि त्या अवधीत ती ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घाई न करता, तुटत गेली. चकत्या एका बाजूला कलल्या. त्यांच्याबरोबर खालच्या ओळीचे गोफही ओढले गेले. कागदावर काळी भुकटी पडली. तीत धाग्याचा आकारसुद्धा नव्हता.

ढालीखालचे रेशीम आयुष्यभर सावलीत होते. उजेड पोचला नव्हता म्हणून ते धडधाकट होते. छातीचे रेशीम काचेमागे जवळपास शंभर वर्षे उजेडाकडे तोंड करून उभे होते; ओलाव्याने त्याच्या आतले लोखंड आणखी जागे झाले, आणि वाळताना आकसलेल्या चिकाने उरलेसुरले तंतू ओढून तोडले. लपवलेल्या जागी विचारले, आणि लपवलेल्या जागेने तिच्यापुरते खरे उत्तर दिले. हे शाळेतल्या मुलालाही कळावे असे होते. त्याला कळत होतेच. त्याने फक्त समोर विचारले नाही.

रूथ आली. तिने कोट काढला नाही. टेबलाशी वाकून पाहिले.

"समोर एक धागा पाहिला होतास?"

"नाही."

ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने कागदाखाली हळूच दुसरा कागद सरकवला, भुकटी उडू नये म्हणून.

"तुझ्यामुळे मेलं नाही ते," ती म्हणाली. "ते आधीच गेलेलं होतं. फक्त जागा सोडली नव्हती."

"एक वर्ष उभं राहिलं असतं कदाचित. आडवं तर पुष्कळच राहिलं असतं."

"आडवं कुणी ठेवू देणार नव्हतं, प्रितम."

दुपारी संचालकांबरोबर बैठक झाली. ती फार वेळ चालली नाही. छातीचे रेशीम आता कोणत्याही उपायाला दाद देणार नाही, आणि एप्रिल तर ठरलेला आहे, एवढेच बोलणे झाले. जपानहून नवे काळे गोफ मागवायचे ठरले. बाहेर पडताना रूथ म्हणाली, "कापायला बोस्टनहून कुणाला बोलावता येईल. तूच करायला पाहिजेस असं नाही."

"मी करतो."

"का?"

"दुसरा कुणी भराभर कापेल."

मार्चभर तो कापत होता. एकेक गोफ छिद्राजवळ उचलायचा, लहान वाकड्या कात्रीने छेदायचा, चिमट्याने ओढून घ्यायचा. छातीचे गोफ बाहेर येतायेताच विरत. पाठीचे थोडे लांब निघत. त्या उलट्या गाठी त्याला सोडवता आल्या नाहीत, कापाव्याच लागल्या. तिरक्या ओढलेल्या गोफाचे छायाचित्र त्याने सर्व बाजूंनी घेतले, आणि छायाचित्रात तो केवळ वाकडा दिसला, एखाद्याने नीट काम केले नसावे तसा. तुकडे पाकिटांत, पाकिटे खोक्यात, खोके तळमजल्यावरच्या कोठारात गेले. तिथे ते अंधारात भुकटी होत राहतील, आणि खोके कुणी उघडणार नाही, हे तो ते खोके फळीवर ठेवताना जाणून होता.

रेशीम निघून गेल्यावर टेबलावर उरली ती कातडी चकत्यांची चळत. प्रत्येक चकती वेगळी, सुटी. त्यांना आता एकमेकींशी काही देणेघेणे नव्हते.

नवे गोफ उत्तम होते. त्यांत लोखंड नव्हते. प्रितमने ओवायला घेतले तेव्हा पाठीवर एका ओळीत डाव्या हाताने उलट्या गाठी घालून पाहिल्या. गाठी जमल्या, पण कुणाची तरी सही गिरवल्यासारख्या. त्याने त्या उसवल्या आणि रीतीप्रमाणे उजव्या हाताने सरळ घातल्या.

"घरी कधी येतोस, कधी जातोस, पत्ता लागत नाही तुझा," काकू एका सकाळी जिन्यावर त्याला अडवून म्हणाल्या. "काकांना सांगू का बोलायला तुझ्याशी?"

"नको काकू. ठीक आहे मी."

"ठीक असलेला माणूस डबा तसाच परत आणतो?"

त्यांनी डब्यावरून हात फिरवला आणि डबा त्याच्या हातात दिला. "आज तरी खा. पोळ्या गरम आहेत."

एप्रिलच्या अखेरीस दालन उघडले. चिलखत दारासमोर उभे होते, ताठ, काळे, झळाळते. लोक आत येत आणि थबकत. संचालकांनी चार शब्द बोलताना प्रितमचे नाव घेतले, चुकीच्या उच्चाराने पण मनापासून, आणि टाळ्या वाजल्या. रूथ लांब खांबापाशी उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या आणि मग हात खिशात घातले.

पाटीवर लोहाराचे नाव होते, गिरणीमालकाचे होते. खाली लहान अक्षरांत लिहिले होते, की रेशमी गोफ अलीकडे बदलले आहेत. कातडे कमावणाऱ्यांबद्दल एक ओळ घालावी असे प्रितमने सुचवले होते. जागा नाही, आणि खात्रीलायक आधारही नाही, असे उत्तर आले होते. दोन्ही खरे होते.

पंडितकाका, काकू आणि मैत्री आवर्जून आले होते. काकांनी सूट घातला होता. ते चिलखताभोवती पूर्ण फिरले, मागे जाऊन पाठ पाहिली, परत समोर आले.

"मानलं रे बाबा," ते म्हणाले. "आयसीयूतून थेट लग्नाला उभा केलास. काय दिसते. एकदम नवंकोरं."

"हो, काका."

"त्या डावखुऱ्याच्या गाठी कुठं आहेत? हिला दाखव नं. मी गाडीत सांगत होतो हिला."

मैत्री वाट पाहत होती. फोन तिने खिशात ठेवला होता.

"त्या आता नाहीत," प्रितम म्हणाला. "काढाव्या लागल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

काकांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. ते काहीतरी बोलणार होते, बहुधा विनोदी. पण त्यांनी ते गिळले आणि पुन्हा एकदा चिलखताकडे, मग पाटीकडे पाहिले. चष्मा वर करून त्यांनी ती शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली.

"चला, एक फोटो तरी होऊ द्या," काकू म्हणाल्या. "एवढ्या लांबून आलोय. प्रितम, तू मध्ये ये."

"नको, काकू. मी काढतो."

"अरे, तुझंच तर काम आहे हे."

"मी काढतो," तो म्हणाला, आणि त्याने काकांच्या हातून फोन घेतला. तिघे चिलखतासमोर उभे राहिले. मागून लोक येत-जात होते, कुणीतरी हसत होते. चौकटीत काकांच्या खांद्याआड छातीची वरची ओळ झाकली जात होती. चिलखत पूर्ण दिसावे म्हणून त्याने त्यांना थोडे बाजूला सरकायला सांगितले.